न लिहिलेल्या पुस्तकांचे लेखक

१८ मे २०२५ च्या रविवारी अमेरिकेतील ‘शिकागो सन-टाइम्स’ या दैनिकाबरोबर चौसष्ट पानांची एक पुरवणी वाचकांच्या हाती पडली. उन्हाळ्यात कोठे जावे, काय खावे, काय करावे, असा तिचा हलकाफुलका मजकूर होता. त्यातच सुट्टीत वाचण्याजोग्या पंधरा पुस्तकांची एक यादी होती. या पंधरांपैकी पाच पुस्तके खरी होती. उरलेली दहा कोणी लिहिलेलीच नव्हती. त्या दहांवर ज्यांची नावे होती ते लेखक मात्र खरे, हयात आणि चांगले नामांकित होते. हाच मजकूर ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ या दुसऱ्या एका वजनदार वृत्तपत्रानेही वाटला होता. बाहेरच्या एका संस्थेमार्फत तो आलेला. तयार करणाऱ्या लेखकाने कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे ज्याला आता सर्रास चॅटबॉट म्हणतात त्याचे, साह्य घेतले होते आणि आलेले उत्तर पडताळून न पाहता पुढे धाडले होते. त्याने ते कबूलही केले. शिकागोच्या त्या कचेरीतून दोनच महिन्यांपूर्वी पाचवा हिस्सा माणसे कमी झाली होती, हेही येथे सांगितले पाहिजे. पान वाचणारा माणूसच खुर्चीवर नसेल तर पान कोण वाचणार?

या प्रकाराची हसण्यावारी चर्चा पुष्कळ झाली. मला त्यात रस आहे तो निराळ्या कारणाने. ही दहा पुस्तके खोटी असली तरी ती वाटेल तशी खोटी नव्हती. चिलीच्या ज्येष्ठ कादंबरीकार इझाबेल आयेंदे यांच्या नावावर जी कादंबरी दाखवली होती, तिचे नाव ‘टाइडवॉटर ड्रीम्स’. समुद्रकाठचे गाव, चढत चाललेले पाणी, एका कुटुंबाची पुरून ठेवलेली गुपिते, जोडीला अद्भुताची किनार आणि पर्यावरणाची तळमळ, असे तिचे वर्णन होते. अँडी वीअर हे विज्ञानकथाकार. त्यांच्या वाट्याला जाणीव प्राप्त झालेल्या यंत्राची गोष्ट आली. पर्सिव्हल एव्हरेट यांना त्याच महिन्यात ‘जेम्स’ या कादंबरीसाठी पुलित्झर पारितोषिक मिळाले होते; त्यांच्या नावावर, जेथे पाऊसही पैसे मोजून विकत घ्यावा लागतो अशा भविष्यकाळातल्या अमेरिकेची कथा ठेवण्यात आली. एखाद्या समीक्षकाने डोळे मिटून ‘हे लेखक पुढे काय लिहितील?’ असा अदमास बांधावा, तर तो असाच बांधेल.

अंगावर काटा यावा अशी जागा मला येथे दिसते. आयेंदे अशी कादंबरी लिहू शकल्या असत्या. त्यांनी ती लिहिलेली नाही, इतकेच. ‘लिहू शकतील’ आणि ‘लिहिली’ यांतील अंतर हेच लेखकाचे सारे आयुष्य असते. त्या अंतरात त्याने काय टाळले, कोणता मोह आवरला, कोणते हस्तलिखित फाडून टाकले, हे सगळे असते. लेखकाचा स्वभाव जसा त्याने लिहिलेल्या ओळींतून कळतो तसाच न लिहिलेल्या ओळींतूनही कळतो, असे मी मानत आलो आहे.

हे यंत्र काय करते हे ढोबळमानाने समजून घ्यायला हवे. आपली कल्पना अशी असते की आत कोठेतरी एक मोठे ग्रंथालय आहे, कार्डांचे खण आहेत आणि प्रश्न विचारताच कोणीतरी खण उघडून कार्ड काढते. तसे नाही. अफाट मजकूर वाचून घेतल्यामुळे कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, एवढे त्याला विलक्षण बारकाईने उमगलेले असते आणि त्याच उमजेवर ते वाक्य जुळवत नेते. ज्या लेखकाबद्दल रगड मजकूर उपलब्ध आहे त्याच्याबाबत संभवनीय आणि सत्य ही दोन्ही बहुधा एकच निघतात. ज्याच्याबद्दल मजकूर तुटपुंजा, तेथे संभवनीय तेवढे शिल्लक राहते. अलीकडे यातील काही यंत्रे जाळ्यावर शोध घेऊन उत्तर देतात, आधाराचे दुवेही पुढे करतात. पण जे जाळ्यावर नाहीच ते शोधून कोठून आणणार?

मी एका संध्याकाळी अशा एका यंत्राला जी. ए. कुलकर्णी यांच्याविषयी विचारले. जी. एं.ना निवडण्याचे कारण उघड आहे. ते या आमच्या पट्ट्यातले. धारवाडच्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवण्यात त्यांची हयात गेली. ‘निळा सावळा’पासून ‘पिंगळावेळ’पर्यंतचे त्यांचे संग्रह येथील वाचकाला तोंडपाठ असतात. यंत्राने पहिली चार-पाच नावे अचूक सांगितली. मग त्याच्या बोलण्याला रंग चढला. एका अप्रकाशित दीर्घकथेचे नाव, ती छापणाऱ्या नियतकालिकाचे नाव, साल आणि कथेचा गाभा असे सारे त्याने सांगून टाकले. (अप्रकाशित कथा नियतकालिकात छापून आली होती, यात त्याला काही वावगे वाटले नाही.) कथेच्या नावाचा घाट मात्र पाहण्यासारखा होता. काजळमाया, पिंगळावेळ, रमलखुणा, सांजशकुन: दोन शब्द सांधून एक गूढ शब्द घडवायची जी. एं.ची रीत त्याने बरोबर हेरली होती. अशी कथा नाही म्हणताच त्याने नम्रपणे क्षमा मागितली आणि तत्काळ दुसरे नाव दिले. तेही तितकेच सुरेख!

ती दोन्ही नावे मी येथे मुद्दाम देत नाही. दिवाळी अंक हा छापील पुरावा असतो. आज मी ‘हे खोटे आहे’ म्हणून छापले, तरी उद्या कोणाच्या तरी हाती फक्त नाव आणि अंकाचे साल लागेल, आणि पाचदहा वर्षांनी एखाद्या प्रबंधाच्या तळटिपेत ती कथा जी. एं.ची म्हणून विराजमान होईल. ‘काजळमाया’च्या प्रकाशनकालावरून वाद निघाला तेव्हा साहित्य अकादमीचे पारितोषिक परत करून मोकळा झालेला हा माणूस. तारखेच्या एवढ्याशा प्रश्नावर ज्याने एवढे मोल मोजले त्याच्या पदरात कोणीही कथा टाकावी?

त्या सायंकाळी मला आणखी एका गोष्टीने अस्वस्थ केले. यंत्राने सांगितलेल्या कथेच्या गाभ्यात नियती होती, अटळ दुःख होते, अंध भिकारी होता, संध्याकाळ होती, एक प्रतीकात्मक पक्षी होता. हा जी. एं.चा गाभा नव्हे, हा जी. एं.वरच्या आपल्या समीक्षेचा गाभा आहे. परीक्षेच्या मार्गदर्शकांपासून चर्चासत्रांतील निबंधांपर्यंत आपण ‘नियतीवाद, गूढता, प्रतीकात्मकता’ अशी जी वैशिष्ट्यांची यादी वर्षानुवर्षे घोकत आणि घोकवून घेत आलो, तीच यंत्राने गिळली आणि कथा म्हणून परत दिली. जी. एं.च्या कथेतले दारिद्र्याचे बारीक तपशील, धारवाडी वळणाची माणसे, कानडी शब्दांचा आपसुक आलेला वास, मध्येच येणारा तिरकस विनोद यांतले तेथे काहीही नव्हते. आयेंदेंच्या खोट्या कादंबरीचेही तेच. अद्भुत अधिक कुटुंब अधिक सामाजिक तळमळ हा हिशेब पुस्तकांच्या वेष्टणांवरचा आहे. म्हणून या बाबतीत यंत्राला शिव्या घालून समीक्षकाला हात झटकता येणार नाहीत. लेखकाला पाच विशेषणांत बसवण्याचा साचा आम्हीच तयार करून ठेवला होता.

एप्रिल २०२३ मध्ये लंडनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने स्वतःच एक घटना जाहीर केली. कोणा संशोधकाने त्यांच्याकडे एका जुन्या लेखाची चौकशी केली. लेखकाचे नाव त्यांच्याच एका वार्ताहराचे. विषयही तो नेहमी हाताळी तोच. वार्ताहराला विचारले तर त्याला तो लेख आठवेना, पण मथळा मात्र आपणच दिला असावा असा वाटला. दप्तर धुंडाळले, काढून टाकलेल्या मजकुराच्या नोंदी पाहिल्या. लेख नव्हता. चॅटजीपीटीने तो कल्पनेने रचून त्या वार्ताहराच्या नावावर मांडला होता. यातला मर्मभेदी भाग म्हणजे खुद्द लेखकाला आलेला संशय: आपण हे लिहिले तर नव्हते?

ही गोष्ट लंडनपुरतीच असती तर मी तिच्यावर इतका रेंगाळलो नसतो. गेल्या वर्षी आमच्या भागातील एका अंकासाठी आलेला एक लेख वाचून द्यावा म्हणून माझ्याकडे पाठवण्यात आला. विषय होता सीमाभागातील एका वयोवृद्ध कवीची कविता. लेख नीटनेटका होता, थोडा अधिकच. त्यात एका कवितेचे सविस्तर विवेचन होते आणि ती ज्या संग्रहातली म्हणून दाखवली होती तो संग्रह मी कधी पाहिला नव्हता. कवींचे दोनच संग्रह निघाले. दोन्ही माझ्या कपाटात आहेत. मी त्यांना दूरध्वनी केला. कविता वाचून दाखवली आणि विचारले, “सर, ही तुमची का?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “वळण तर माझंच दिसतंय. असेल हो. तेव्हा लिहीत होतो पुष्कळ. कडोलीच्या संमेलनात वाचली असेन.”

आवाजात आनंद होता. आपल्यावर कोणीतरी लिहिते आहे आणि आपण विसरलेली कविता त्याने शोधून काढली आहे, असा आनंद. पुढे त्यांच्या सूनबाईंनी ट्रंकेतल्या साऱ्या वह्या पाहिल्या. कविता कोठेच नव्हती. लेखकाला विचारले तेव्हा ‘यंत्राकडून मिळाली’ असे सरळ उत्तर आले. त्याला यात गैर वाटले नव्हते, शोधाच्या एका साधनाने हाती दिलेली वस्तू त्याने वापरली होती. लेख परत गेला. त्या वृद्धाला ती कविता आपली नाही हे कसे सांगावे, हा प्रश्न मात्र राहिला. मी सांगितले. ते “बरं, बरं” म्हणाले आणि विषय बदलला.

यावर एक जाणता आक्षेप निघेल, आणि तो मी स्वतःच काढतो. आपल्या वाङ्मयात हे नवे काय आहे? ‘तुका म्हणे’ अशी मुद्रा ठोकून किती जणांनी आपले अभंग गाथ्यात घुसवले! नामदेवांच्या गाथ्यात विष्णुदास नाम्याची रचना इतकी मिसळली की ती निवडता निवडता अभ्यासकांच्या पिढ्या खपल्या. ज्ञानेश्वरीकार आणि अभंगकर्ते ज्ञानदेव एकच की दोन, हा वाद ‘भारद्वाजां’नी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभा केला. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती प्रक्षेपांना कंटाळूनच, आणि यापुढे कोणी आपली ओवी हिच्यात घालू नये अशी सक्त ताकीद त्यांनी शेवटी देऊन ठेवली. अलीकडे तर व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी कोणाच्या तरी किरकोळ ओळी पु. ल. आणि वपुंच्या नावाने फिरत असतात. मग यंत्रावरच राग का?

फरक आहे, आणि तो समीक्षेच्या दृष्टीने फार मोठा आहे. तुकोबांच्या नावावर अभंग रचणारा कोणी एक वारकरी होता. त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही होते. ते सांगताना त्याने स्वतःचे नाव पुसले आणि तुकोबांच्या पायाशी ठेवले. त्या अभंगामागे माणूस आहे, गाव आहे, बोली आहे, काळ आहे, म्हणूनच तो ओळखता येतो. पोथ्या समोरासमोर ठेवता येतात, पाठ ताडून पाहता येतात. एखादा शब्द सतराव्या शतकातला नाही म्हणून अभंग बाजूला काढता येतो. एकनाथांना प्रती मिळाल्या म्हणून प्रत शुद्ध करता आली. यंत्राच्या प्रक्षेपाला पोथीच नाही. ते मला एक उत्तर देते, तुम्हाला दुसरे. माझेच उत्तर दुसऱ्या दिवशी बदलते. ते उत्तर चार भिंतींत एका वाचकाला मिळते आणि तेथेच राहते, किंवा लेखात शिरून थेट छापून बाहेर येते. मध्ये हस्तलिखिताची पायरीच नसल्याने पाठचिकित्सेला धरायला काही उरत नाही. शिवाय तेथे नाव पुसून घेणाराही कोणी नाही.

सीमाभागातल्या लेखकाला या संकटाची झळ अधिक बसणार, असे मला वाटते ते याचमुळे. पुण्या-मुंबईच्या लेखकाची सूची असते, समग्र वाङ्मय निघते, त्याच्या पुस्तकांची माहिती जाळ्यावर दहा ठिकाणी असते. येथील लेखकाची कविता उचगाव, बेळगुंदी, कुद्रेमानी, येळ्ळूर येथल्या संमेलनांच्या स्मरणिकांत छापलेली, पाचशे प्रती निघालेल्या, त्यांतल्या चारशे रद्दीत गेलेल्या. गोव्याच्या लेखकाचे दुखणे आणखी वेगळे. बा. भ. बोरकरांसारखे कवी मराठी आणि कोंकणी दोन्हींत लिहून गेले. कोणती कविता मूळ कोणत्या भाषेतली, हे ठाऊक असणारी माणसे आता मोजकीच. इंदिरा संत बेळगावच्या. त्यांचा पहिला संग्रह ‘सहवास’ १९४० मध्ये निघाला तो ना. मा. संत यांच्याबरोबर, दोघांच्या कविता एकत्र. त्यांतली कोणती कोणाची, हे पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. प्रकाश नारायण संत या नावाने लंपनच्या कथा लिहिणारे कऱ्हाडचे प्राध्यापक म्हणजे इंदिराबाईंचे चिरंजीव. दत्तक गेल्याने व्यवहारातले त्यांचे नाव भालचंद्र दीक्षित. असल्या गुंत्यात जाणता माणूसही क्षणभर थबकतो. यंत्र थबकत नाही, आणि त्याचा खरा दोष मला तोच दिसतो.

कायद्याकडे पाहावे तर तेथेही फारसा आधार सापडत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम लेखकाला ‘हे माझे आहे’ असे म्हणण्याचा आणि आपल्या कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क देते. ‘हे माझे नाही’ असे म्हणण्याचा हक्क त्यात स्पष्ट शब्दांत नाही. बदनामी झाली तर तिचा निराळा दावा. पण चांगली कविता नावावर टाकल्याने बदनामी कोणाची होते? ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात ८४ वे कलम नेमके यासाठी आहे: न लिहिलेली कृती कोणाच्या नावावर खपवू नये. तो हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर वीस वर्षांपर्यंत चालतो. जी. ए. १९८७ मध्ये गेले. तो कायदा येथे असता तरी त्यांच्यापुरता २००७ मध्येच संपला असता. अमेरिकेत ऑगस्ट २०२३ मध्ये जेन फ्रीडमन या लेखिकेला आपण न लिहिलेली, यंत्राने रचल्यासारखी दिसणारी पुस्तके आपल्याच नावाने अॅमेझॉनवर विक्रीला असल्याचे आढळले. तक्रार केली तर तुमच्या नावाचा ट्रेडमार्क आहे काय, अशी पृच्छा झाली. गवगवा झाल्यावर पुस्तके निघाली. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आशा भोसले यांना त्यांच्या आवाजाच्या यांत्रिक नकलेविरुद्ध अंतरिम संरक्षण दिले. आवाज कानाला ओळखू येतो. खानापूरच्या कवीचा आवाज न्यायालयात कोण ओळखणार?

न्यायालयांचा विषय निघाला म्हणून सांगतो. न्यूयॉर्कमधल्या एका दाव्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले निकाल पूर्वाधार म्हणून दाखल केले होते. ते निकाल खऱ्याखुऱ्या न्यायाधीशांच्या नावावर होते. जून २०२३ मध्ये न्यायमूर्ती कॅस्टेल यांनी पाच हजार डॉलर दंड केला, आणि ज्या ज्या न्यायाधीशांच्या नावावर खोटे निकाल घातले त्या प्रत्येकाला पत्र लिहून कळवण्याचा आदेश दिला. दंडापेक्षा मला ही पत्रे महत्त्वाची वाटतात. ज्याच्या नावाचा वापर झाला त्याला ते कळले पाहिजे, हे येथे कोणीतरी मान्य केले.

आपल्या अंकांपुरते बोलायचे तर संपादकांनी लेखकाला एक प्रश्न विचारावा: ज्या पुस्तकावर लिहिले आहे ते हातात घेतले होते काय? उत्तर होकारार्थी असेल तर प्रकाशक, साल, पृष्ठ सांगायला अडचण येऊ नये. कविता उद्धृत केली असेल तर त्या पानाची झेरॉक्स मागवावी. यात अविश्वास नाही; शं. ग. दात्यांनी १८०० सालापासूनच्या मराठी पुस्तकांची सूची ग्रंथालये पालथी घालून केली, तो काही त्यांचा लेखकांवर अविश्वास नव्हता. यंत्र वापरूच नये असा माझा हट्ट नाही. शब्द जुळवायला, एखादा संदर्भ कोठे शोधावा हे सुचवायला ते कामाचे असू शकेल. कर्तृत्वाचा दाखला मात्र त्याच्याकडून घेऊ नये.

आणि एक विनंती. मी आणि आणखी दोन स्नेही मिळून सीमाभागातील दिवाळी अंक आणि ग्रामीण संमेलनांच्या स्मरणिका यांतील कवितांची कार्डे करीत आहोत. कवीचे नाव, कवितेचे शीर्षक, अंक, वर्ष, पृष्ठ, बस एवढेच. आतापर्यंत साडेसहाशे झाली आहेत. १९७० ते १९८५ या काळातले अंक फारच थोडे हाती लागले. ज्यांच्या माळ्यावर ते असतील त्यांनी अंक पाठवण्याची तसदी घेऊ नये. अनुक्रमणिकेच्या आणि कवितांच्या पानांच्या झेरॉक्स या अंकाच्या पत्त्यावर धाडाव्यात. वर वर्णिलेल्या त्या वृद्ध कवींनी आपल्या सात वह्या गेल्या महिन्यात आमच्या स्वाधीन केल्या आहेत. चौथी वाळवीने खाल्ली आहे. तिचे काम सध्या चालू आहे.